घोडा काही विचारत नाही: मनाच्या जखमांवर तबेल्यात चालणारे उपचार

वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमी आहे. तिथे पूर्ण लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होतो तेव्हा शवपेटी तोफगाड्यावरून नेतात आणि तो गाडा सहा घोडे ओढतात. या घोड्यांचा तबेला शेजारच्या फोर्ट मायर छावणीत आहे. 2006 मध्ये त्या छावणीत एक नवं काम सुरू झालं. इराक-अफगाणिस्तानातून हात-पाय गमावून परतलेले आणि वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात उपचार घेणारे सैनिक याच घोड्यांवर बसायला शिकू लागले. गेलेल्यांना पोचवणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर वाचलेले तोल सावरायला शिकत होते.

ते काम मुख्यतः शरीरासाठी होतं. पण गेल्या काही वर्षांत अमेरिकेत माजी सैनिक, पोलीस आणि अग्निशमन दलातले जवान मनाच्या दुखण्यासाठीही तबेल्यात जाऊ लागले आहेत. त्यासाठी सरकारी अनुदान मिळतं, विद्यापीठं अभ्यास करतात, बातम्या येतात. बातमी वाचणाऱ्याच्या मनात मात्र साधा प्रश्न उरतो: घोड्याला खरारा करून युद्धाची जखम कशी भरेल? प्रश्न रास्त आहे, म्हणून अगदी मुळापासून सुरुवात करू.

दुखणं नेमकं कुठे आहे?

रात्री दोन वाजता सोसायटीत एखाद्या गाडीच्या बॉनेटवर मांजर उडी मारतं आणि गाडीचा अलार्म किंचाळायला लागतो. चोर आलेला नसतो. पण यंत्राला मांजर आणि चोर यांतला फरक कळत नाही, आणि मालक गावाला गेलेला असेल तर तो बंद करायलाही कुणी नसतं. मोठा आघात सोसलेल्या काही माणसांच्या शरीरात असाच अलार्म अडकून बसतो. दार आपटलं की छाती धडधडते. गर्दीत पाठ भिंतीला लागल्याशिवाय उभं राहवत नाही. झोपेत तोच प्रसंग पुन्हा घडतो. आणि आतला हा गोंगाट सोसवेना की मन दुसऱ्या टोकाला जातं: काहीच वाटेनासं होतं. मुलगी शाळेतलं बक्षीस दाखवते, बाप बघतो, पण आत काही हलत नाही. माझ्या मते घरच्यांना सगळ्यात जास्त घायाळ करतं ते हेच.

या अवस्थेचं वैद्यकीय नाव आघातोत्तर ताण विकार, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत, तेव्हा अनेकांनी तो भित्रेपणा ठरवला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची हालत बघून, आणि त्यांनी पाठपुरावा केल्यावर, 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत हे नाव दाखल झालं. प्रत्येक सैनिकाला हा विकार होतो असं मुळीच नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आकड्यांप्रमाणे 100 माजी सैनिकांपैकी साधारण 7 जणांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. इराक-अफगाणिस्तानच्या पिढीत हे प्रमाण बरंच जास्त, म्हणजे 29 च्या घरात आहे.

संकटात सगळ्यात आधी पोचणारे, म्हणजे पोलीस, अग्निशमन जवान, रुग्णवाहिकेतले कर्मचारी, यांचा आघात वेगळ्या चालीचा असतो. सैनिक एक दिवस मोहिमेवरून घरी परततो. यांची मोहीम आपल्याच गावात, रोजच्या पाळीत चालते. ज्या वळणावर त्यांनी अपघातातलं लेकरू उचललं, त्याच वळणावरून दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जायचं असतं. अमेरिकेतल्या रुडरमन फाउंडेशनने 2018 मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या नोंदीप्रमाणे 2017 या एका वर्षात कामावर असताना 93 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, आणि आत्महत्या केलेले 103 होते. पोलिसांमध्ये हेच आकडे 129 आणि 140. आगीपेक्षा नंतरच्या रात्रींनी जास्त माणसं नेली.

बोलून बरं वाटतं, तर मग तबेला कशाला?

या विकारावर चांगले, पारखून घेतलेले उपचार आहेत आणि त्यांतले बहुतेक बोलण्यावर उभे आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने त्या आठवणीकडे थोडं थोडं, पुन्हा पुन्हा जायचं, म्हणजे तिची धार हळूहळू बोथट होते. यातून हजारो माणसं बरी झाली आहेत. तबेल्याची भलामण करताना हे झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

अडचण वेगळीच आहे. जिथून मन पळतंय तिथेच जाऊन बसा, असं हे उपचार सांगतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 916 माजी सैनिकांना अशा दोन नावाजलेल्या उपचारांपैकी एक दिला गेला. फायदा दोन्हींचा झाला. पण जवळजवळ निम्म्या लोकांनी उपचार अर्ध्यात सोडले. औषध चांगलं आहे, पण घशाखाली उतरत नाही, अशातली ही गत. शिवाय लष्करात काय किंवा पोलिसांत काय, ‘मला जमत नाहीये’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही असंच वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. ज्याचे शब्दच आटले आहेत त्याला शब्दांनीच बरं करायचं, हा मोठा पेच आहे.

घोड्याचा विचार सुरू होतो तो इथे.

घोडाच का?

घोडा हे अर्ध्या टनाचं जनावर, पण निसर्गाने त्याला शिकार म्हणून घडवलं. माळावर कळपाने चरायचं आणि गवत हललं की पळायचं, यावर त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षं काढली. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दोन्ही कान स्वतंत्र फिरतात. कळपातला एक घोडा ताठरला की बाकीचे कारण न विचारता ताठरतात. म्हणजे सदा सावध राहणं आणि दुसऱ्याच्या शरीरावरून धोका ओळखणं हा त्याचा पिंडच आहे. पीटीएसडी असलेला माणूस नेमका याच अवस्थेत अडकलेला असतो. फरक इतकाच की धोका टळला की घोडा मान खाली घालतो आणि पुन्हा चरायला लागतो. माणसाला ते परत शिकावं लागतं.

घोडा माणसाचं मन ओळखतो, असं घोडेवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे तपासायला एक साधी युक्ती केली. त्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नुसतं चालत न्यायचं किंवा त्यावर बसून जायचं होतं, आणि दोघांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद होत होती. तीन खेपा सुरळीत झाल्या. चौथ्या खेपेआधी माणसाला सांगितलं की या वेळी वाटेत उभी असलेली व्यक्ती एकदम छत्री उघडणार आहे. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला कळलं होतं ते फक्त शेजारचं घाबरलेलं शरीर. पुढे 2016 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात असंही आढळलं की अनोळखी माणसाच्या रागीट चेहऱ्याचा नुसता फोटो दाखवला तरी घोड्यांचे ठोके अधिक लवकर वाढतात.

मला याचा अनुभव माथेरानला आला. दस्तुरी नाक्यावरून घोडा घेतला होता. गर्द झाडीच्या एका वळणावर डाव्या हाताला दरी दिसली आणि घोडा थांबला. कान मागे, मान वर, एक पाऊल पुढे टाकेना. मी लगाम आणखी आवळला. घोडेवाल्याने घोड्याला हातही लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, आधी श्वास सोडा. तुम्ही धरून ठेवलाय म्हणून त्यानं पाय धरलाय.” मी श्वास कोंडून धरला आहे हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. खांदे सैल सोडले, एक लांब श्वास बाहेर टाकला. घोड्याने फुर्र केलं आणि चालू लागला. माझी भीती एका सहलीपुरती होती. जो माणूस दहा वर्षं असा श्वास कोंडून जगतोय, त्याला हे एका क्षणात, कुठलाही उपदेश न ऐकता कळलं, तर काय होईल? या उपचारांचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे.

तबेल्यात नेमकं काय करतात?

इथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. घोड्याच्या चालीचा उपयोग करून फिजिओथेरपिस्ट स्नायू आणि तोल सुधारतात, तो एक प्रकार. अपंग व्यक्तींना जमेल तशी घोडेस्वारी शिकवतात, तो दुसरा. या दुसऱ्या प्रकाराला जगभर चालना मिळाली ती डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्यामुळे. 1944 मध्ये पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे झाले. घोड्यावर चढायला दुसऱ्याची मदत लागायची, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. अमेरिकेत 1969 मध्ये अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं आजचं नाव पाथ इंटरनॅशनल.

आपला विषय आहे तिसरा प्रकार: घोड्याच्या सोबतीने मानसोपचार. यात बहुतेक वेळा कुणी घोड्यावर बसतच नाही. सगळं जमिनीवर उभं राहून चालतं. रिंगणात एक मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि घोड्यांची नस ओळखणारा एक जाणकार. एकाची नजर माणसावर, दुसऱ्याची घोड्यावर. अशी जोडी हवीच, हा दंडक 1999 मध्ये स्थापन झालेल्या ईगाला या संस्थेने पुष्कळ ठिकाणी रुजवला.

पहिल्या दिवशी फारसं काही घडत नाही. तबेला बघायचा, घोड्यांना बघायचं. मग खरारा. मानेपासून सुरू करून खांदा, पाठ, पोट, केसांच्या दिशेने हात फिरवत जायचं. घोड्याच्या मागून जायचं असेल तर एक हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळत राहतं. जो माणूस स्वतःच्या मागे कुणी उभं राहिलं तर दचकतो, तो इथे दुसऱ्या एका दचकणाऱ्या जिवाला ‘मी आहे, घाबरू नकोस’ हे हाताने सांगायला शिकतो. घोडा एक मागचा पाय सैल सोडतो, खालचा ओठ लोंबतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो. जाणकार हळूच सांगतो, आता तो निवांत झाला.

मग दोरी धरून चालवणं. काही आठवड्यांनी दोरीही काढून टाकायची आणि घोड्याने आपणहून मागे यावं असा प्रयत्न करायचा. इथे हुकूम चालत नाही. अंगातला ताण, घाई, राग यांतलं काहीही असलं तर घोडा कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहतो. तो रागावलेला नसतो, मनात अढी धरत नाही. तुम्ही सैल झालात की परत येतो. मग तज्ज्ञ विचारतो, “आत्ता काय बदललं?” माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, घोड्याबद्दल बोलतो: त्याला माझा भरवसा वाटत नव्हता, मी घाई करत होतो. बोलता बोलता मध्येच थांबतो आणि म्हणतो, घरी पोरांशीही माझं हेच होतं. ज्या वाक्याला दवाखान्यातल्या खुर्चीत वर्ष लागलं असतं, ते असं आडवाटेने येतं.

पण हे सिद्ध झालंय का?

खरं उत्तर असं: आशा वाटावी इतका पुरावा आहे, ठाम दावा करता येईल इतका नाही.

2014 मध्ये घोड्यांच्या मदतीने केलेल्या मानसोपचारांवरचे 14 अभ्यास एकत्र तपासले गेले. निष्कर्ष कडक होता. जवळपास सगळ्या अभ्यासांच्या रचनेत मोठ्या त्रुटी होत्या आणि या उपचारांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ‘मॅन ओ’ वॉर प्रकल्प’ हाती घेतला. नाव एका विख्यात शर्यतीच्या घोड्याचं, पैसा घोड्यांचे शौकीन आणि माजी राजदूत अर्ल मॅक यांचा. प्रकल्पाचे एक प्रमुख युवल नेरिया हे मानसशास्त्रज्ञ. 1973 च्या युद्धातल्या शौर्यासाठी इस्रायलचं सर्वोच्च लष्करी पदक मिळवलेला हा माणूस रणगाड्यातून विद्यापीठात आला. युद्ध माणसाचं काय करतं हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही. त्यांच्यासोबत होत्या सहकारी संशोधक प्रूडन्स फिशर.

त्यांनी आधी पद्धत लिहून काढली, कारण प्रत्येक तबेल्यात वेगळंच काही चालत असेल तर मोजणार काय? आठवड्याला एक याप्रमाणे 8 सत्रं, प्रत्येक सत्र 90 मिनिटांचं. 63 माजी सैनिक सहभागी झाले. 2021 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांच्या लक्षणांत डॉक्टरी दृष्टीने लक्षणीय घट दिसली, आणि तीन महिन्यांनीही ती टिकून होती. मध्येच सोडून जाणारे अगदी थोडे होते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. निम्मे लोक पळून जातात अशा क्षेत्रात माणसं आठही आठवडे परत येत राहिली.

आता उणी बाजू. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे महत्त्वाचं का? सर्दी झाली, काढा घेतला, आठवड्यात बरी झाली. गुण काढ्याचा की आठवड्याचा, हे काढा न घेतलेल्यांकडे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मोकळी हवा, सोबत बसणारे आपल्यासारखेच चार जण, आठवड्यातून एकदा घराबाहेर पडणं, यांतलं काय लागू पडलं आणि घोड्याचा वाटा किती, हे वेगळं काढणं बाकी आहे. 19 सैनिकांच्या मेंदूच्या प्रतिमाही काढल्या गेल्या. सुख आणि आवड यांच्याशी निगडित भागांत बदल दिसले, पण 19 हा आकडा लहान आहे. मिसुरी विद्यापीठाच्या एका अभ्यासात तुलनेचा गट होता आणि निकालही चांगला आला, पण सैनिक अवघे 29. म्हणूनच अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या 2023 च्या संयुक्त मार्गदर्शक सूचना अशा उपचारांबद्दल म्हणतात की शिफारस करायला किंवा नाकारायला पुरेसा पुरावा नाही. याच माजी सैनिक खात्याच्या अनुदानातून घोड्यांच्या उपक्रमांना पैसाही मिळतो. मला यात विसंगती वाटत नाही. दार बंद न करता मोजत राहणं हाच शहाणपणा.

कुत्रा चालणार नाही का?

चालतो, आणि पुष्कळांना चालतो. 2021 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांना मदतनीस कुत्रे प्रशिक्षित करण्याच्या कामात घेणारा कायदाही झाला. पण कुत्र्याची माया उधळपट्टीची. तुम्ही चिडलेले असा, खचलेले असा, तो शेपूट हलवत येतोच. त्याने धीर मिळतो. घोड्याचा विश्वास मात्र मिळवावा लागतो, आणि ज्याला ‘मी आता कुणाच्या भरवशाचा उरलो नाही’ असं वाटतं, त्याला असा कमावलेला विश्वास वेगळं काहीतरी देऊन जातो. उलट कुत्रा घरी राहतो, चोवीस तास सोबत करतो. घोडा ते करू शकत नाही.

आणि घोड्याचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. माणसाच्या दुखण्याचं ओझं आपण एका मुक्या जनावरावर लादत तर नाही ना?

सुरुवातीला ज्या आर्लिंग्टनच्या घोड्यांबद्दल सांगितलं, त्यांचीच गोष्ट पुढे वाईट वळणावर गेली. 2022 च्या फेब्रुवारीत त्यांतले दोन घोडे काही दिवसांच्या अंतराने दगावले. चौकशीत निकृष्ट चारा आणि अपुरी जागा यांवर बोट ठेवलं गेलं, आणि 2023 मध्ये तोफगाड्याचं काम थांबवून घोड्यांना विश्रांती आणि उपचार द्यावे लागले. ज्यांच्या सेवेला सलामी दिली जाते त्यांची ही अवस्था. म्हणून चांगल्या केंद्राची ओळख हीच की तिथे घोड्याला नकार देता येतो. तो दूर गेला तर त्याला ओढून आणत नाहीत. दिवसाला ठरावीकच सत्रं होतात आणि बाकी वेळ तो कळपात, मोकळ्या कुरणात असतो. सदैव दमलेला, विझलेल्या डोळ्यांचा घोडा ‘शांत’ दिसतो खरा, पण तो माणसाला काहीच सांगत नाही. त्याच्यासोबत केलेला उपचार हा उपचारच नव्हे.

कुणी जाऊ नये?

ज्याच्या मनात आत्ता या घडीला जीव देण्याचे विचार आहेत, ज्याचं व्यसन हाताबाहेर गेलंय किंवा ज्याला भ्रम होतात, त्याने आधी डॉक्टरकडे जावं. तबेला नंतर. चालू असलेल्या गोळ्या ‘आता घोडा आहे’ म्हणून बंद करायच्या नाहीत. जनावराची किंवा गवताची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. घोडा लाथ मारू शकतो, पायावर पाय देऊ शकतो, त्यामुळे मजबूत बूट हवेत. आणि नुसता घोडा पाळणारा माणूस म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. केंद्रात परवानाधारक तज्ज्ञ कोण, हा पहिला प्रश्न. त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर परत फिरावं. आघात उकरून काढणं सोपं असतं, तो नीट मिटवायला शिक्षण लागतं.

खर्चही आहेच. चारा, नाल, पशुवैद्य, जागा हे सगळं महागडं असल्याने अमेरिकेतही ही केंद्रं बरीचशी देणग्या आणि अनुदानावर चालतात. सैनिकांकडून सहसा पैसे घेत नाहीत.

आपल्याकडे कुणाला हवं असेल तर?

हे वाचून कुणी आपल्या वडिलांना, भावाला, नवऱ्याला थेट जवळच्या घोडेवाल्याकडे नेऊ नये. आपल्याकडे पहिली पायरी दुसरी आहे आणि ती पुष्कळांना माहीतच नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. क्रमांक 14416. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पोलीस, अग्निशमन जवान, इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी पावसात ढिगारे उपसायला धावलेले स्वयंसेवक, यांनाही 14416 आहेच. फोन दुखणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरातलं कुणीही करू शकतं. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच सांगा: हल्ली ते झोपत नाहीत, आणि आमच्याशी बोलत नाहीत. बाकीचं पलीकडचा माणूस विचारून घेतो.